लहान फिश टँकमध्ये कोणते मासे एकत्र नांदतात? मराठवाड्यातल्या पाण्यासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूरला आमच्या बैठकीत दोन फुटी फिश टँक आहे. पाहुणे आले की लेकरं चप्पल काढायच्या आधी तिकडं पळतात आणि मोठी माणसं चहा होईपर्यंत टँकपुढं उभी राहून तेच ते प्रश्न विचारतात. पुढच्या आठवड्यात त्यांच्यातल्याच एखाद्याचा फोन येतो, "अहो, आम्ही पण आणला टँक, पण मासे मरायलेत." व्हॉट्सॲपवर उत्तरं टाइप करून बोटं दुखायला लागली, म्हणून आता सगळं एकाच जागी लिहून ठेवतोय.

ही उत्तरं दीड-दोन फुटांच्या टँकसाठी, आपल्या जड पाण्यासाठी आणि आपल्या उन्हाळ्यासाठी आहेत. कोकणातल्या मंडळींचं पाणी वेगळं, त्यांचं गणितही वेगळं.

मासे निवडायला सुरुवात कुठून करायची?

स्वतःच्या घरातल्या बादलीपासून. दुकानात जायच्या आधी घरातलं पाणी बघा. तोटीवर पांढरा थर बसतो का? गिझरची कॉइल दर वर्षी-दोन वर्षांनी बदलावी लागते का? साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिट्ट्या वाढवल्या तरी टणकच राहते, असं असेल तर पाणी जड आहे. मराठवाड्यात बोअरवर जगणाऱ्या बहुतेक घरांत हेच चित्र दिसेल. आपल्या पायाखाली काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट आहे. त्याच्या भेगांतून मुरत आलेलं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेऊन येतं. असं पाणी बहुधा अल्कलीकडं झुकलेलं असतं, पीएच साडेसात-आठच्या घरात.

आता मासे. मॉली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे, गप्पी त्रिनिदाद-व्हेनेझुएलाकडचा. या चौघांना जड पाणी मानवतं. डिस्कस, निऑन, कार्डिनल हे ॲमेझॉन खोऱ्यातले. तिथलं पाणी मऊ आणि आम्लाकडं झुकलेलं, चहासारख्या रंगाचं. लातूरच्या बोअरच्या पाण्यात निऑन टाकणं म्हणजे कोकणातला माणूस मे महिन्यात जालन्याच्या एसटी स्टँडवर उभा करणं. जगेलही, पण त्याचा चेहरा बघवणार नाही.

दुकानात आपण रंग बघतो आणि पाण्याचा विचार घरी आल्यावर करतो. नेमका याचा उलटा क्रम पाहिजे.

टीडीएस मीटर घ्यावा का? आमच्याकडं ७०० दाखवतोय.

आरओवाल्याकडून आलेला पेनासारखा मीटर घरात असेल तर वापरा, पण त्याच्यावर फार विसंबू नका. पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत एवढंच तो सांगतो. त्यातला कॅल्शियम किती, मीठ किती, हे त्याला कळत नाही. आमच्या बोअरचं पाणी त्याच्यावर ७८० दाखवतं आणि त्यात मॉली सहा वर्षांपासून पिढ्यान्पिढ्या नांदतायत. पीएच आणि अमोनिया मोजायचे थेंबांचे किट मिळाले तर पैसे त्यांच्यावर घाला.

मग जारचं आरओ पाणी टाकलं तर निऑन ठेवता येतील ना?

नुसतं आरओ पाणी टाकू नका. त्यात क्षार जवळपास नसतातच, त्यामुळं पीएच धरून ठेवणारं काही उरत नाही आणि तो अचानक घसरू शकतो. अर्धं जारचं आणि अर्धं बोअरचं असं मिसळून पाणी मऊ करता येतं. फक्त मग ते प्रमाण दर आठवड्याला, वर्षानुवर्षं तसंच ठेवावं लागतं. जारवाला दोन दिवस आला नाही की आपण नळाचं पाणी ओततो आणि मासा एका तासात एका मुलुखातून दुसऱ्या मुलुखात जाऊन पडतो. बऱ्याच माशांना थोडं चुकीचं पण स्थिर पाणी सोसतं. बरोबर असलेलं पण रोज बदलणारं पाणी सोसत नाही.

शिवाय निऑनला २० ते २६ अंशांत बरं वाटतं. एप्रिल-मे मध्ये आपल्या बंद खोलीतला टँक ३२-३३ सहज गाठतो. हौस असेल तर ऑक्टोबरात टँक लावून बघा, पण सुरुवात निऑनपासून नको.

दोन फुटी टँकमध्ये किती मासे बसतात?

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशा टँकचा हिशेब ५६ लिटरचा येतो. खडी टाकली, वर दोन बोटं जागा सोडली की प्रत्यक्ष पाणी उरतं साधारण ४५ लिटर. त्यात बोटाएवढे, म्हणजे चार-पाच सेंटिमीटरचे दहा-बारा मासे सुखात राहतात. दुकानदार वीस सांगेल. त्याच्या टँकमध्ये तर शंभर असतात, पण त्याचे मासे तिथं मुक्कामाला असतात, राहायला नसतात.

मोजताना आजचा आकार धरू नका, पूर्ण वाढीचा धरा. आज सव्वा इंचाचा दिसणारा एंजल उद्या तळहाताएवढा होतो.

आणि गोल बाउल? नको. पाणी कमी, वरचा उघडा पृष्ठभाग लहान, फिल्टर लावायला जागा नाही. लग्नात आहेर म्हणून आलेल्या बाउलमध्ये मनी प्लँट लावा, छान दिसतो.

तर मग नेमके कोणते मासे घेऊ? यादी द्या.

याद्या भरपूर मिळतात. मी तीन जोडण्या सांगतो, तिन्ही मी स्वतः ४५ लिटरमध्ये चालवलेल्या आहेत.

पहिली, सगळ्यात सोपी: सहा-सात गप्पी, सगळे नर. रंग नरांनाच असतात आणि पिल्लांचा प्रश्न मिटतो. सोबत दोन गोगलगायी. जड पाण्यात गोगलगायींचं कवचही छान टणक राहतं. सोडून दिलं तर हा संसार आपोआप चालतो.

दुसरी, जी सध्या बैठकीत आहे: चार प्लॅटी (एक नर, तीन माद्या) आणि सहा झेब्रा डॅनिओ. झेब्रा डॅनिओकडं लोक स्वस्त मासा म्हणून बघतात, त्याचं मला वाईट वाटतं. भारत, नेपाळ, बांगलादेश हा त्याचा मुलूख. ओढे, भातखाचरं, संथ पाण्याची डबकी यांत वाढलेला जीव तो. थंडीही सोसतो, ऊनही सोसतो. जगभरच्या प्रयोगशाळांत संशोधनासाठी हाच मासा पाळतात, कारण तो काटक आहे आणि भराभर वाढतो. निळसर-चंदेरी पट्टे, पेन्सिलीच्या टोकाएवढं तोंड, आणि दिवसभर शाळा सुटल्यासारखी पळापळ. फक्त दोन अटी. सहापेक्षा कमी ठेवले तर ते एकमेकांच्या आणि दुसऱ्यांच्या मागे लागतात. आणि टँकवर झाकण पाहिजे, कारण ते उडी मारतात. आमच्याकडं एक सोफ्यामागं सापडला होता, झाडू मारताना.

प्लॅटी मधल्या थरात, डॅनिओ वरच्या थरात. कोणी कोणाच्या वाटेला जात नाही. प्लॅटीची पिल्लं झाली तर डॅनिओ बरीचशी खाऊन टाकतात. ऐकायला निर्दय वाटतं, पण नाहीतर तीन महिन्यांत तुम्ही सोसायटीभर पिल्लं वाटत फिराल.

तिसरी: हनी गोरामीची एक जोडी आणि पाच-सहा शांत प्लॅटी. हनी गोरामी भारत-बांगलादेशाकडचाच, पूर्ण वाढला तरी पाच सेंटिमीटरच्या आसपास, मधासारखा रंग. गोरामीच्या जातीला गलफडांखेरीज डोक्यात हवा घेण्याचा एक वेगळा अवयव असतो. पाण्यात ऑक्सिजन कमी पडला तर वर येऊन हवेचा घोट घेतो. आपल्या उन्हाळ्यात ही केवढी सोय आहे ते पुढं येईलच. मात्र गोरामी लाजाळू असतो. चार पाणवनस्पती लावा, नाहीतर कोपऱ्यात फिल्टरमागं जाऊन बसेल आणि तुम्ही म्हणाल, "पैसे वाया गेले." पाणी फार जड असेल तर थोडं जारचं पाणी मिसळून ही जोडणी करावी. पहिल्या दोन जोडण्यांना त्याची गरज नाही.

गोरामी घेताना नाव विचारून घ्या. दुकानात नुसतं 'गोरामी' म्हटलं की बऱ्याचदा निळा, तीन ठिपक्यांचा मिळतो. तो पंधरा सेंटिमीटरपर्यंत जातो आणि मोठा झाला की दादागिरी करतो.

मॉली कुठं बसते यात?

मॉली जड पाण्याची राणी आहे, पण अंगानं मोठी आणि पोटानं खादाड. आठ-दहा सेंटिमीटरची होते. दोन फुटीमध्ये चार मॉली आणि बाकी कोणी नाही, एवढंच. ती एका जागी उभी राहून अंग थरथरवत असेल, पुढं सरकत नसेल, तर बहुतेक पाणी फार मऊ किंवा फार थंड झालंय. आपल्याकडं हे मुख्यतः जारचं पाणी वापरणाऱ्यांच्या घरी आणि जानेवारीत दिसतं.

टायगर बार्ब आणि गप्पी एकत्र चालतात का? दुकानदार 'चालतात' म्हणाला.

मलाही 'चालतात' असंच सांगितलं होतं. पहिला टँक घेतला तेव्हा मी चार गप्पी, तीन टायगर बार्ब, दोन गोल्डफिश आणि एक सकर, म्हणजे काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा, अशी मिसळ घेऊन आलो होतो. टँक भरल्याभरल्या सगळे आत.

संध्याकाळी मस्त दिसलं. सकाळी लाइट लावला तर मोरपिसासारखी शेपटी असलेल्या निळ्या गप्पीची शेपटी कडेनं कातरलेली, जुन्या नोटेसारखी. मला वाटलं रोग आहे. खुर्ची ओढून बसलो. पाचेक मिनिटांत कळलं. एक बार्ब मागून हळूच यायचा, शेपटीच्या टोकाला टोचायचा आणि भर्रकन मागे जायचा. मग दुसरा. खायला नाही, उगाच, येता-जाता चिमटा काढावा तसं. चौथ्या दिवशी गप्पीला शेपटीच्या जागी नुसता पांढरा ठोंब उरला होता. पाचव्या दिवशी तो गेला.

टायगर बार्ब वाईट मासा नाही. आठ-दहांचा घोळका ठेवला तर ते आपसातच भांडत राहतात. पण लांब पिसांचा, संथ पोहणारा कोणीही त्यांच्यासोबत नको. गप्पी नको, गोरामी नको, एंजल नको, फायटर तर नकोच. तीन बार्ब घेणं तर सगळ्यात वाईट, कारण त्यांना भांडायला पुरेशी भावकी मिळत नाही.

फायटरसोबत काय ठेवता येईल?

दोन नर एकत्र नाहीत, हे सगळ्यांना माहीत असतं. गप्पीचं मात्र कळत नाही. गप्पीची रंगीत, फडफडती शेपटी बघून फायटरला तो दुसरा नर फायटर वाटतो. एखादा फायटर दुर्लक्ष करतो, एखादा रात्रीत फडशा पाडतो, आणि कोणता कसला ते आधी सांगता येत नाही. वीस लिटरच्या टँकमध्ये एकटा फायटर, एक-दोन झाडं आणि एक गोगलगाय. एकटेपणाचं त्याला दुःख नसतं.

लेकराला गोल्डफिशच पाहिजे. गप्पीसोबत ठेवू का?

नका. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा, कार्प कुळातला, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याचा लांबचा भाऊबंद. त्याला १८ ते २२ अंश आवडतात. तो हाताएवढा होतो, सतत खातो आणि तेवढीच घाण करतो. तोंडात मावणारा मासा तो गिळून टाकतो, गप्पीसुद्धा. ४५ लिटरमध्ये तो वाढ खुंटून जगतो आणि लोक म्हणतात, "आमचा गोल्डफिश टँकच्या मापानं राहिला." वाढला नाही, कारण वाढू शकला नाही.

लेकराला केशरी रंगच पाहिजे असतो. केशरी प्लॅटी दाखवा. आमच्या भाचीनं तिला अजूनपर्यंत 'छोटा गोल्डफिश'च म्हटलंय.

काच साफ ठेवायला सकर पाहिजेच ना?

सगळ्यात जास्त विकला जाणारा आणि सगळ्यात जास्त पश्चात्ताप करायला लावणारा मासा. दुकानात बोटाएवढा दिसतो, वाढत वाढत एक ते दीड फुटाचा होतो. शेवाळ खातो हे खरं, पण लहान असताना. मोठा झाला की त्याला गोळ्या आवडतात आणि रात्री झोपलेल्या चपट्या माशांच्या अंगावरचा चिकट थरही. घाण कमी करणं राहिलं बाजूला, सगळ्यात जास्त विष्ठा त्याचीच.

मग लोक काय करतात? धरणात, तलावात सोडतात. देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत आता सकर घर करून बसलाय. काठ पोखरतो, जाळी फाडतो, स्थानिक माशांच्या तोंडचं खातो. कोळ्यांना विचारा, जाळ्यात आलेल्या सकरला ते कशा शिव्या घालतात. काच साफ करायला जुनं एटीएम कार्ड पुरतं.

एंजल? ऑस्कर? फ्लॉवरहॉर्न? पॅरट?

एंजलला दीड फूट उंची पाहिजे आणि लहान मासे त्याचं खाद्य आहेत. बाकीचे तिघं दोन फुटीत कुणासोबतच नाहीत. फ्लॉवरहॉर्नच्या डोक्यावरचा गोळा भाग्याचा म्हणून घेणारे बरेच आहेत. घ्या, पण त्याला मोठा टँक द्या आणि एकटा ठेवा.

आणि अंगावर गुलाबी-हिरवे चकाकते पट्टे असलेले पारदर्शक मासे दिसले तर हात जोडा आणि पुढं जा. ते काचमासे असतात, त्यांच्या अंगात सुईनं रंग टोचलेला असतो. रंग काही महिन्यांत उडतो, मासा बऱ्याचदा त्याआधीच जातो.

आरोग्य खात्यानं हौदात सोडलेले गप्पी आणून टँकमध्ये टाकले तर?

चालतात, आणि उत्तम चालतात. 'गप्पी मासे पाळा, डेंग्यू टाळा' हे भिंतीवरचं वाक्य आपण सगळ्यांनी वाचलंय. डासांच्या अळ्या खाण्यासाठी ते हौदांत, टाक्यांत सोडले जातात. रंगानं साधे, करडे, नरांच्या अंगावर एखादा काळा-केशरी ठिपका. पण आपल्याच पाण्यात, आपल्याच उन्हात टिकलेले. शोभेचे गप्पी पिढ्यान्पिढ्या शेपटीसाठी निवडत नेल्यामुळं नाजूक झालेत, तसं यांचं नाही. पहिल्यांदा टँक लावणाऱ्यानं दोन महिने हेच ठेवून हात बसवावा. फुकट मिळतात, हा त्यांचा दोष मानू नये.

गोदावरीतले, तळ्यातले मासे आणून ठेवता येतील?

लेकरं ओढ्यातून ओंजळभर बारीक मासे आणतात. त्यात निम्मी मरळची, नाहीतर चिलापीची पिल्लं निघतात. मरळचं पिल्लू केशरी पट्ट्याचं, फार देखणं असतं. चार महिन्यांत ते टँकमधला एकेक मासा मोजून संपवतं. मांगूरच्या नावाखाली कुणी आफ्रिकन मांगूर दिला तर अजिबात घेऊ नका, तो पाळण्यावर आणि विकण्यावर बंदी आहे.

गप्पीची पिल्लं फार झाली. काय करू?

मादी साधारण चार आठवड्यांनी वीस-तीस पिल्लं देते. नर काढून घेतला तरी थांबत नाही, कारण एकदा संग झाल्यावर ती नराचं बीज कित्येक महिने पोटात जपून ठेवते. "आम्ही तर फक्त माद्याच आणल्या होत्या" म्हणणाऱ्यांचं कोडं इथं सुटतं. मिश्र कळप ठेवायचाच असेल तर एका नरामागं दोन-तीन माद्या ठेवा, नाहीतर नर एकाच मादीच्या मागं लागून तिला दमवून मारतात. जास्तीची पिल्लं दुकानात परत द्या, ओळखीच्यांना द्या. नदीत नको.

नवीन टँकमध्ये मासे कधी सोडायचे?

संध्याकाळी टँक आणला, रात्री मासे टाकले, आठव्या दिवशी मेले, ही कथा दहातल्या आठ फोनवर असते. माशांच्या मूत्र-विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो खाऊन आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वसायला चार ते सहा आठवडे घेतात. तोवर मासा स्वतःच्याच घाणीत पोहत असतो.

यात आपल्या भागाची एक वेगळी मेख आहे. पाण्यातला सगळा अमोनिया सारखाच विषारी नसतो. पीएच ७ आणि २५ अंश असेल तर त्याच्या शंभर भागांतला जेमतेम अर्धा भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ आणि पाणी ३० अंश झालं की तोच सात भागांवर जातो. म्हणजे तेवढ्याच घाणीत, तेवढ्याच माशांना, आपल्या जड आणि कोमट पाण्यात बारा-तेरा पट जास्त विष. मऊ पाण्याच्या गावात सहा मासे पहिल्याच दिवशी टाकून जे निभतं, ते इथं निभत नाही.

उपाय: एखाद्याच्या चालू टँकमधला स्पंज त्यांच्या टँकच्या पाण्यात पिळून तो गढूळ काढा मागून आणा आणि आपल्या फिल्टरवर ओता. घाण दिसतो, पण तेच विरजण आहे. मग दोन-तीन मासे सोडा, पंधरा दिवस थांबा, मग पुढचे. आणि स्पंज कधीही नळाखाली धुऊ नका, क्लोरीननं विरजण मरतं. टँकमधून काढलेल्या पाण्यातच खळबळवा.

उन्हाळ्यात काय करायचं? लाइट गेली तर?

पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशांना लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० ला साडेसात. त्याच वेळी माशाला जास्त ऑक्सिजन लागतो. मे महिन्यात दुपारी मासे वर येऊन तोंडं उघडझाप करताना दिसले तर ते भुकेले नाहीत, गुदमरतायत. खायला टाकू नका.

टँक पश्चिमेच्या भिंतीला नको, गच्चीखालच्या खोलीत नको. झाकण उघडून वर जाळी टाका आणि टेबल फॅनचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावर लावा. माठ जसा गार होतो तसंच हे. पाणी उडतं आणि दोन-तीन अंश उतरतात. रोज पेला-दोन पेले पाणी कमी होतं, तेवढं आरओचं भरा, कारण उडतं ते नुसतं पाणी, क्षार आतच राहतात. बर्फाचे खडे टाकू नका. अर्धा लिटरची बाटली गोठवून तरंगत ठेवली तर चालते, पण हळूहळू, एकावेळी एकच.

लाइट जाण्यावर सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप. तो नसेल तर मग्यानं टँकमधलंच पाणी उचलून वीतभर उंचीवरून परत ओतत राहा, दर दहा मिनिटांनी पाच-सहा मगे. एका एप्रिलच्या रात्री ट्रान्सफॉर्मर जळाला तेव्हा मी आणि बायकोनं आळीपाळीनं पहाटे चारपर्यंत हे केलंय. डॅनिओ आणि प्लॅटी वाचले. आणि इथंच मासे कमी ठेवण्याचा फायदा कळतो. दहा माशांना पुरलेली हवा पंचवीसला पुरली नसती.

हिवाळ्यात हीटर लागतो का?

परभणी, हिंगोली, नांदेडकडं नक्की घ्या. परभणीच्या कृषी विद्यापीठातला पारा दर थंडीत पेपरात असतो, ते उगाच नाही. लिटरला एक वॅट या हिशेबानं ४५ लिटरला ५० वॅटचा पुरतो. फक्त डॅनिओ असतील तर एखाद वेळी चालून जातं, गप्पी-मॉलीला नाही. थंडीतच अंगावर रव्याचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके येतात.

पाण्याची एवढी टंचाई, त्यात फिश टँक? लोक बोलतात.

बोलतात, आणि त्यांचं चुकत नाही. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर, त्या गावात मी हे लिहितोय. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. त्या वर्षी मी मासे जारमध्ये घालून एसटीनं नांदेडला मामांकडं नेऊन सोडले आणि टँक उपडा करून ठेवला. शेजारच्या मावशी घागरी मोजत असताना आपण काचेत पाणी भरून बघत बसायचं, हे मनाला पटलं नाही.

एरवीचा हिशेब मात्र सांगतो. दोन फुटी टँकला आठवड्याला दहा-बारा लिटर पाणी बदलायचं, म्हणजे एक छोटी बादली. काढलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही. त्यात नायट्रेट असतं, म्हणजे पातळ खतच. आमची तुळस, कढीपत्ता आणि गच्चीवरची वांगी त्याच्यावरच आहेत. कुंड्यांना नाहीतरी पाणी घालायचंच असतं, ते आता टँकमधून फिरून जातं.

नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येण्याचा एक फायदाही आहे, तोही सांगतो. ड्रममध्ये दोन-तीन दिवस उघडं साठलेल्या पाण्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. नळ आल्या आल्या किंवा ब्लीचिंग पावडर मारलेल्या टँकरचं पाणी मात्र थेट टाकू नका. एक दिवस बादलीत ठेवा, नाहीतर दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीनचे थेंब घाला.

दुकानात मासा कसा पारखायचा?

ज्या टँकमध्ये एक जरी मेलेला मासा दिसला, त्यातला घ्यायचा नाही, कितीही आवडला तरी. पर मिटून, कोपऱ्यात, पृष्ठभागाजवळ लटकणारा नको. पोट आत गेलेला नको. दुकानदाराला त्याच्यापुढं खाणं टाकायला सांगा, जो झडप घालतो तो घ्या. दुकानदार पंधरा दिवसांपूर्वी आलेला माल दाखवत असेल तर कालच्या गाडीनं आलेल्या मालापेक्षा तोच बरा, कारण तो इथल्या पाण्याला थोडा सरावलेला असतो. घरी आल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवा, मग अर्धा तास थोडं थोडं टँकचं पाणी पिशवीत घालत राहा, आणि जाळीनं फक्त मासा उचलून सोडा. पिशवीतलं पाणी कुंडीला.

खायला किती टाकायचं?

दोन मिनिटांत संपेल तेवढं, दिवसातून एकदा. आठवड्यातून एक दिवस काहीच नाही. आमच्या घरी सोमवारी आईचा उपास असतो, त्याच दिवशी माशांचाही. फरक एवढाच, की त्यांच्यासाठी साबुदाणा भिजत नाही.

दिवाळीत आठ दिवस गावाला गेलो तर?

मोठे, धडधाकट मासे चार-पाच दिवस काही न खाता आरामात राहतात. त्यापेक्षा जास्त दिवस असतील तर शेजाऱ्यांना सांगावं लागतं, आणि सगळा घोळ तिथंच होतो. डबा देऊन "थोडं थोडं टाका" म्हटलं की माया ओतली जाते. एकदा परत आलो तर टँकचं पाणी पिठल्यासारखं झालेलं आणि डबा अर्धा रिकामा.

आता मी वर्तमानपत्राच्या पुड्या बांधून ठेवतो, एकेक चिमटीची, वर वार लिहिलेली. डबा कपाटात. गेल्या दिवाळीत परत आलो तर शेजारच्या काकूंनी शुक्रवारची पुडी तशीच परत दिली. विचारलं तर म्हणाल्या, "चतुर्थी होती ना."